निवृत्तीला पाच वर्षे झाली. सकाळचे सात वाजतात आणि काहीच होत नाही

अठ्ठेचाळीस व्होल्ट

नमस्कार. हा प्रश्न घरात काढला तर हिला काळजी वाटते आणि मित्रांपुढे काढला तर ते चहा मागवतात, म्हणून येथे लिहीत आहे. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी सांगलीत राहतो. १९८६ साली दूरसंचार खात्यात टेक्निशियन म्हणून रुजू झालो, २००० साली खात्याचे भारत संचार निगम झाले तेव्हा इतरांबरोबर तिकडे गेलो आणि ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलो. त्या योजनेत देशभरातून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकदम बाहेर पडले, त्यामुळे आमच्या निरोपसमारंभात हार कमी आणि माना जास्त अशी अवस्था होती. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. निवृत्तिवेतन वेळेवर येते, मुलगी पुण्यात स्थिरावली आहे, कर्ज नाही, रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात आहे. बाहेर पडल्यावर दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली, तेव्हा सगळे जगच घरी बसले होते. आपण निवृत्त झालो आहोत हे मला खऱ्या अर्थाने २०२२ च्या सुमारास कळले.

नोकरीतली बरीच वर्षे मी एक्स्चेंजच्या पॉवर विभागात काढली. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालते आणि गावातली वीज गेली तरी फोन चालू राहत असे तो बॅटरी रूमच्या जिवावर. दोन व्होल्टचा एक याप्रमाणे चोवीस सेल ओळीने मांडलेले असत. सकाळी सात वाजता दार उघडले की आम्लाचा घशाला लागणारा वास अंगावर येई. मग सेलच्या तोंडात हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, घालायचा, रबरी फुगा दाबून सोडायचा, नळीत चढलेल्या द्रवात काचेची कांडी डोलायची थांबेपर्यंत आपणही श्वास रोखून थांबायचे, पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा: १२०५, १२१०, १२१०, १२००. रोज ठरावीक सेल आणि आठवड्यातून एकदा सगळे चोवीस. एखाद्या सेलचा आकडा सलग दोन-तीन आठवडे पाच-पाचने उतरू लागला की तो सेल आजारी आहे हे मला तो बंद पडण्याच्या बरेच आधी समजत असे. माझ्या त्या काळच्या प्रत्येक पँटवर मांडीपाशी आम्लाची बारीक छिद्रे असत आणि हिने ती रफू करणे केव्हाच सोडून दिले होते. पुढे सीलबंद बॅटऱ्या आल्या. त्यांत हायड्रोमीटर जाण्याची सोयच नसते, पण व्होल्टेज नोंदवण्याचे रजिस्टर शेवटपर्यंत माझ्याकडे राहिले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा जनरेटर आणि बॅटऱ्या यांवर जे चालू ठेवता येईल ते चालू ठेवण्यासाठी आम्ही चौघे तीन रात्री एक्स्चेंजमध्येच झोपलो. झोपलो हा शब्द मी उदारपणे वापरला आहे.

निवृत्तीनंतर जे सुचवले गेले ते सर्व मी प्रामाणिकपणे करून पाहिले. घाटावर फिरायला जातो. हास्यक्लबात पंधरा दिवस हसलो. हार्मोनियमचा वर्ग लावला. बोटे ऐकत नाहीत हे कळायला चार महिने लागले आणि शिकवणाऱ्या बाईंना ते पहिल्याच दिवशी कळले असावे. काशीला जाऊन आलो. २०२३ साली माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर वारी केली. ओळखीच्या एका दिंडीत मला तंबूच्या ट्रकवर काम मिळाले, त्यामुळे पायी चालणे थोडे आणि खुंट्या ठोकणे फार झाले. दिंडी मुक्कामाला पोचण्याच्या आत तंबू उभे हवेत, कारण मागून येणाऱ्या माणसांत सत्तरीच्या बायका असतात आणि त्या आल्या आल्या पाय पसरायला जागा मागतात. मुरमाड जमिनीत खुंटी जात नाही आणि गेली तर हलत नाही. काळ्या रानात ती लोण्यात गेल्यासारखी जाते आणि पहिल्या सरीला उपटून येते, तेव्हा दोरीला दगड बांधावा लागतो. हे मला वाल्ह्याच्या पुढे कोणीतरी दाखवले आणि नातेपुत्यापर्यंत मीच इतरांना दाखवू लागलो. पंढरपूरला पोचलो, कळसदर्शन घेतले, घरी आलो. आठवड्याभरात पुन्हा तेच.

तेच म्हणजे असे: साडेपाचला जाग येते. अंघोळ, पूजा, चहा, वर्तमानपत्र सातपर्यंत उरकते. मग सात वाजतात आणि काहीच होत नाही. स्वतःच्या पैशांनी घेतलेला एक हायड्रोमीटर कपाटाच्या खणात आहे. तो मी कधीकधी काढून पुसून ठेवतो, हे येथेच प्रथम सांगत आहे.

मला दुःख नाही. हवे ते मिळाल्यावर मन निवते त्याला समाधान म्हणत असतील तर ते मला आहे. मग ही चुकचुक कशाची आहे? आपल्यापैकी कोणाला रोजच्या साध्या दिवसात प्रयोजन सापडले असेल तर ते कसे सापडले, एवढेच विचारायचे आहे. ‘छंद लावून घ्या’ हे उत्तर कृपया देऊ नये. तो उपाय माझा तीन वेळा करून झाला आहे.

विरजण

आपला मजकूर वाचून प्रथम मला थोडा रागच आला, तो ओसरल्यावर लिहीत आहे.

माझ्या संसाराला ४३ वर्षे झाली. आम्ही नाशिकला असतो. या ४३ वर्षांत मला प्रयोजनाबद्दल कोणी विचारले नाही आणि निवृत्तीबद्दल तर नाहीच. घासून पालथी घातलेली भांडी चार तासांनी पुन्हा खरकटी होतात, हा नियम माझ्या सासूबाईंना लागू होता, मला आहे आणि सुनेलाही आहे, फक्त तिच्याकडे मशीन आहे. एम. ए. करायचे राहिले याची मला फार वर्षे बोच होती आणि तिशीत-पस्तिशीत, आपले आयुष्य ओट्यावर पुसले जात आहे असे मला दुपारच्या वेळी खरोखर वाटत असे. ते वाटणे कधी गेले हे सांगता येत नाही. कोणी समजावल्यामुळे गेले नाही, एवढे नक्की.

आमचे हे बँकेत अधिकारी होते. २०१४ साली निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्या फळीवरचे डबे अकारविल्हे लावले. जिरे, धने, मेथी पुढे आले आणि मोहरी, जी प्रत्येक फोडणीला लागते, ती मागच्या रांगेत गेली. प्रत्येक डब्यावर बँकेतल्यासारखी सुवाच्य चिठ्ठी. त्या दिवशी आमच्याकडे जे बोलणे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी मी त्यांना एकच काम दिले आणि सांगितले की हे तुमचे, यात मी बोलणार नाही, पण बाकी स्वयंपाकघर माझे. ते काम म्हणजे रात्रीचे विरजण.

वाटते तेवढे ते सोपे नाही. दूध फार ऊन असेल तर दही आंबते आणि पाणी सुटते, फार निवले तर लागतच नाही. मी करंगळी बुडवते आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजते. तेवढे सोसले तर विरजण घालते. नाशिकच्या थंडीत पातेले फडक्यात गुंडाळून कणकेच्या डब्यात बसवावे लागते. यांनी पहिले पंधरा दिवस एकतर ताक केले नाहीतर तार येणारा चिकट पदार्थ केला, आणि मी दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प राहून तो खाल्ला. थर्मामीटर आणू का, असे त्यांनी विचारले तेव्हाही गप्प राहिले. आता अकरा वर्षे होत आली. प्रवासाला जायचे झाले तर हे प्रथम शेजारी विरजणाची वाटी देऊन येतात. त्यांना आयुष्याचे प्रयोजन सापडले असे मी म्हणणार नाही. सकाळी उठून झाकण उघडून पाहावेसे वाटावे असे काहीतरी त्यांना मिळाले आणि मला माझी मोहरी परत मिळाली.

एक विचारते. सात वाजतात आणि काहीच होत नाही, असे आपण लिहिले आहे. आपल्या घरी सकाळी सात वाजता काय काय होत असते, हे एकदा वहिनींना विचारून पाहावे.

तात्पुरता पत्ता

काका, मी ३३ वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि माझ्याकडे सात वाजताचा गजर आहे, नऊची बैठक आहे, रात्री अकराचा फोनही आहे. तरी आपण जी चुकचुक म्हणता ती मला ओळखीची वाटली. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या दाव्यांचे काम ज्या प्रणालीतून जाते तिचा एक बारीकसा भाग मी सहा वर्षे सांभाळत आहे. ज्याचा दावा मंजूर झाला असा एकही माणूस मी पाहिलेला नाही. काम संपले की ते पडद्यावरच्या एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत असे. सोसायटीच्या गटावर तीन आठवडे चर्चा चालली. एका रविवारी मी वर गेलो, फ्लोट व्हॉल्व्हचा वॉशर झिजला होता, तो तीस रुपयांत बदलला. त्या रात्री टाकी भरून आवाज बंद झालेला ऐकण्यासाठी मी जागा राहिलो होतो. वार्षिक मूल्यांकनात मिळालेल्या वाढीने मला एवढा आनंद दिला नव्हता, हे सांगायला संकोच वाटतो, पण खरे आहे. त्यामुळे आपला प्रश्न निवृत्तीचा आहे याविषयी मला शंका आहे.

सांजवात

वरचे प्रतिसाद चांगले आहेत, तरी एक साधी गोष्ट आधी तपासून घ्यावी, म्हणून लिहितो. माझे वडीलही ‘मला दुःख नाही’ असेच म्हणत असत. पहाटे तीनला जाग येणे, जेवणावरची वासना उडणे, आवडत्या माणसाचा फोन आला तरी उचलावासा न वाटणे, हे सगळे आम्ही वयावर ढकलले आणि ते नैराश्य आहे हे कळायला दीड वर्ष गेले. औषधांनी आणि बोलण्याने त्यांना पुष्कळ आराम पडला. आपल्या लिहिण्यात मला तसे काही दिसत नाही, कारण अशा अवस्थेत माणूस खुंट्यांचे इतके वर्णन करत नाही. पण यांतले काही जाणवत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

अठ्ठेचाळीस व्होल्ट

सर्वांचे आभार. सांजवात, झोप आणि भूक ठीक आहे. क्रमांक मात्र लिहून ठेवला.

विरजण ताई, आपण सांगितल्याप्रमाणे हिला विचारले. सातच्या आत दूध तापवून झालेले असते, पाणी येण्याची वेळ सात असल्याने पिंप, हंडा आणि गच्चीवरचा नळ अशी तिची धावपळ चालू असते, कामाच्या मावशी सव्वासातला येतात त्यांच्यासाठी भांडी बाहेर काढायची असतात, कुंड्यांना कालचे पाणी घालायचे असते. एवढे सांगून ती म्हणाली, “आणि तुम्ही हॉलमध्ये बसून घड्याळाकडे बघत असता, तेही मी बघत असते.” यावर मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पिंप भरायला गेलो तर माझ्यामुळे तिचा क्रम चुकला आणि हंडा राहिला.

सीनाकाठ

मी माढा तालुक्यातला शेतकरी आहे. संत सावता माळी यांचे अरण गाव आमच्यापासून जवळ आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. संत सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीला मळ्यात आला, ही आख्यायिका सर्वांना माहीत आहे. आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते. व्याख्यानाला येणारे वक्ते या कथेचा अर्थ, आपले काम गुपचूप करावे आणि समाधानी राहावे, असा लावतात. मला तो पटत नाही. सावतोबांनी समाधान मानले असे त्यांच्या अभंगांत मला दिसत नाही. त्यांनी कांदा, मुळा, भाजी, लसूण, मिरची या पिकांची नावे घेऊन त्यांनाच देव म्हटले. समाधान मानणाऱ्याला इतक्या बारकाईने भाजीकडे पाहण्याची गरज नसते. शिवाय समाधानाचा उपदेश ज्याच्या हातात काहीच नाही त्यालाच जास्त केला जातो, हेही पाहण्यासारखे आहे. सावकाराला तो कोणी करत नाही.

तेल्या रोगाने माझी तीन एकर डाळिंबे गेली. झाडे मुळासकट काढून जाळावी लागली. त्या वर्षी मला कोणी समाधान सांगितले असते तर मी त्याला बांधावरून हाकलले असते. प्रयोजनाची मात्र मला टंचाई नव्हती. बँकेचा हप्ता हे फार बळकट प्रयोजन आहे, पहाटे चारला उठवते. आपल्याला कर्ज नाही, हे आपण ओघात लिहून गेलात. ज्यांना ही चुकचुक वाटते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा हप्ता संपलेला असतो, असा माझा अनुभव आहे. हा टोमणा समजू नये. हप्ता संपावा म्हणूनच आम्ही राबतो आणि तो संपल्यावर पुढे काय, हे आम्हालाही कोणी सांगितलेले नाही.

आता त्या रानात पेरू आहे. रोज दिवस मावळायच्या आधी मी ठिबकच्या नळ्यांवरून एक फेरी मारतो. आमच्याकडचे पाणी जड, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो आणि थेंब बंद होतो. झाड सुकेपर्यंत ते लक्षात येत नाही. बोटाने टिचकी मारली, कधी तोंडाने फुंकले, की थेंब पुन्हा सुटतो. खरे तर आम्ल सोडून सगळी नळी एकदम साफ करता येते आणि तेही मी करतो, त्यामुळे या फेरीची काही गरज नाही असे माझा मुलगा म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे. फेरी चालू आहे.

तळटीप

मी मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याने लिहिलेले त्याच्यापेक्षा सावकाश वाचणे एवढेच मला येते, म्हणून आपला पहिला मजकूर तीन वेळा वाचला आणि त्यात मला काय दिसले ते सांगतो.

बॅटरी रूमला आपण सर्वांत मोठा परिच्छेद दिला. त्याच्या खालोखाल जागा तंबूच्या खुंट्यांना मिळाली. काशीला तीन शब्द मिळाले. वारीतल्या माणसाने पंढरपूरला पोचल्यावर जे लिहिणे अपेक्षित असते त्याला आपण ‘कळसदर्शन घेतले, घरी आलो’ एवढ्यात उरकले. मुरमात खुंटी कशी वागते आणि काळ्या रानात कशी वागते, हे मात्र आपण दोन वर्षांनंतरही बोटांत धरून ठेवले आहे. मी संपादक असतो तर समासात लिहिले असते की लेखकाला उत्तर ठाऊक आहे, प्रश्न काढून टाकावा.

त्या दोन कामांत साम्य काय आहे? दोन्ही ठिकाणी आपले काम ज्यांच्यासाठी होते त्यांना आपले नाव माहीत नव्हते, आणि काम नीट झाले तर ते झाले हे कोणाच्या लक्षातही येणार नव्हते. गावात अंधार पडला आणि तरी फोन लागला, तर कोणी बॅटरीवाल्याचे आभार मानत नाही. सत्तरीच्या बाई आल्या आणि पाय पसरून बसल्या, त्यांनी खुंटीकडे पाहिले नसणार. माझा धंदाही असाच होता. एका पुस्तकाची तीनशे पाने मी निर्दोष दिली आणि मुखपृष्ठावर, जे माझ्याकडे तपासायला आलेच नव्हते, वेलांटी चुकली. लोकांना आजतागायत माझ्या नावाबरोबर ती वेलांटीच आठवते. चुकले तरच दिसते अशा कामाची माणसाला एकदा सवय लागली की छंद त्याला पुरत नाहीत. आपण हार्मोनियम वाजवली नाही म्हणून कोणाचा फोन बंद पडत नाही. विरजण यांच्या घरचे गृहस्थ विसरले तर मात्र सकाळी दही नसते. सॉफ्टवेअरमधल्या त्या तरुणालाही टाकीचा आवाज थांबलेला ऐकायचा होता. सीनाकाठ यांची फेरी या हिशेबात बसत नाही, कारण ती थांबली तरी काही बिघडणार नाही असे ते स्वतःच म्हणतात. ती तशीच राहू द्यावी, सगळे बसलेच पाहिजे असे नाही.

थोडे विषयाला धरूनच एक अवांतर. हल्ली निवृत्तांच्या शिबिरांत ‘इकिगाई’ (जगण्याचे प्रयोजन) या जपानी शब्दाची एक आकृती दाखवतात: जे आवडते, जे जमते, ज्याची जगाला गरज आहे आणि ज्याचे पैसे मिळतात अशी चार वर्तुळे, आणि मधोमध तो शब्द. ही आकृती जपानी नाही. एका स्पॅनिश ज्योतिषाने प्रयोजनाची म्हणून चार वर्तुळे काढली होती आणि २०१४ साली एका ब्रिटिश ब्लॉगलेखकाने त्यांच्या मध्यभागी हा जपानी शब्द बसवला. तेथून ती जगभर पसरली. जपानीत तो शब्द नातवंडासाठी, बागेसाठी, सकाळच्या फेरफटक्यासाठीही वापरतात, त्याला पैसे मिळावे लागत नाहीत. या आकृतीसमोर बसून साठीतली माणसे स्वतःला नापास करून घेतात हे मी पाहिले आहे. बायको हंडा भरत असताना चार वर्तुळांत स्वतःला शोधत बसू नये, एवढेच म्हणतो. पिंपावर लुडबुड करून उपयोग नाही, हे आपल्याला कळलेच आहे. ते वहिनींचे खाते आहे.

आता माझा एकच प्रश्न. तो खणातला हायड्रोमीटर अजून चालतो का?

अठ्ठेचाळीस व्होल्ट

तळटीप, हायड्रोमीटर चालतो. रबरी फुगा कडक झाला होता, तो बदलला.

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याचे कारण सांगतो. आमच्या भागात एक जुने वाचनालय आहे, तेथे मी वर्तमानपत्रे चाळायला जातो. संध्याकाळी वीज गेली की तेथला इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकतो आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पंधरा-वीस मुले मोबाइलच्या उजेडात बसतात. हे मी दोन वर्षे पाहत होतो आणि दोन वर्षे मला त्यात काही दिसले नव्हते, याचे आता नवल वाटते. ग्रंथपालांना विचारून जिन्याखालची बॅटरी उघडली. वर कोळ्याची जाळी, टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि सहाही घरांतले, म्हणजे सेलमधले, पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेले. थर गरम पाण्याने धुतला, डिस्टिल्ड वॉटर घातले, एक रात्र पूर्ण चार्ज होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी आकडे घेतले. पाच घरे १२२० च्या आसपास आली. सहावे ११२० वर आहे.

ते घर गेलेले आहे. पाणी घालून ते परत येणार नाही, बॅटरीच बदलावी लागेल, असे मी ग्रंथपालांना सांगितले. त्यांनी हा विषय समितीपुढे ठेवू असे म्हटले आणि समिती कधी बसते हे विचारल्यावर ते हसले. तोपर्यंत ती वीस-पंचवीस मिनिटे ओढते, पूर्वी दहा ओढत होती. इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस वर्षातून एकदा येतो, त्याला मी केलेले आवडेल की नाही हे सांगता येत नाही.

मंगळवारी वाचनालय सकाळी साडेसहाला उघडतात, सातला मी तेथे असतो. काल एक दोनशे पानी वही घेतली आणि रात्री बसून रकाने आखले: तारीख, घर क्रमांक एक ते सहा, व्होल्टेज, पाणी, शेरा. एका बॅटरीसाठी दोनशे पाने कशाला, असे हिने विचारले. दुकानात शंभरपानी वही नव्हती, असे मी सांगितले. ते खरे नाही.